फवाऱ्यानं आरसा उतरवला

न्हाव्याच्या हाताला कात्री असते, तशी याच्या हाताला पाण्याची बाटली चिकटलेली. कुणी खुर्चीवर बसलं रे बसलं की फुस्‌फुस् करून आधी डोकं भिजवायचं, मग कान, मग बसणाऱ्याचा चष्मा. टकलालासुद्धा सुटका नाही. "पीक नसलं म्हणून काय झालं, जमीन ओली पाहिजे," असं म्हणायचा. म्हणून गल्लीनं त्याचं नाव फवारा ठेवलं. ते इतकं पक्कं बसलं की त्याच्या बायकोच्या माहेरची माणसंही विचारायची, फवारा बरा आहे ना?

दुकान वडिलांचं. दोन खुर्च्या, एक बाक, आणि समोरच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा. हा आरसा वडिलांनी एका बंद पडलेल्या हॉटेलातून उचलून आणला होता आणि लोखंडी पट्ट्या ठोकून भिंतीला असा बसवला होता की भिंत पडली असती पण आरसा राहिला असता. वडील सांगायचे, "कात्री नुसती कापते रे, गिऱ्हाइकाला पटवतो तो आरसा." फवारा ते विसरला नाही. केस कापून झाले की तो खुंटीवरचा हातातला छोटा आरसा काढायचा आणि गिऱ्हाइकाच्या मागे धरायचा. समोर मोठा, मागे छोटा, म्हणजे माणसाला स्वतःची मान दिसते. माणूस मान हलवतो, "छान झालंय" म्हणतो, मग चादर झटकायची. मान दाखवल्याशिवाय त्यानं जन्मात कुणाला उठू दिलं नाही. आणि मान दाखवण्यासारखी असायचीही. वस्तऱ्यानं तो मानेवर गोल कड काढायचा, अर्ध्या चंद्रासारखी, डाव्या कानामागून निघून उजव्या कानामागे टेकलेली. बापाचा हात तसाच होता.

मग समोर केस कापायचं ते काचेचं दुकान आलं.

आत गारवा, भिंतीवर रुंद टीव्ही, त्यात केस उडवत हसणाऱ्या बायका. तिथली मुलं कात्रीला फारसा हात लावत नाहीत, सगळं मशीनवर. मानेवर पट्टी ठेवून आखल्यासारखी चौकोनी रेघ मारतात आणि पुढचा घेतात. आधी तरुण गेले. त्याचं फवाऱ्याला फार वाटलं नाही. तरुणांचे केस दुसऱ्याच्या दारात कापून घ्यायलाच उगवतात, असं तो म्हणायचा. म्हातारे आपलेच आहेत याची त्याला खात्री होती. पुढं म्हातारेही दिसेनात. रस्त्यात भेटले की म्हणायचे, "अरे, या वयात केस वाढतच नाहीत बघ आता."

हे त्यानं घरी येऊन बायकोला सांगितलं.

"वाढत नाहीत?" बायको म्हणाली. "मग नाकाकानातले कसे वाढतात? जन्मभर केस कापलेत तुम्ही, आणि हे तुम्हाला लोकांनी सांगायचं?"

"म्हातारपणी होतं तसं."

"होतं. म्हातारपणी न्हाव्याची अक्कल पातळ होते."

बायको जिभेची तिखट, पण मनानं तशी नव्हती. तिला सगळं दिसत होतं. हा सकाळी दुकान उघडतो, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासतो, कंगवे धुतो, आणि दिवसभर माशा मारतो. माशासुद्धा आता समोरच्या गारव्यात जाऊन बसत असतील. मुलगी दुसऱ्या गावी होती. तिनं जिन्याखालची खोली रिकामी करून ठेवली होती आणि दर फोनला विचारायची, बाबा कधी येताय? बाबा म्हणायचे, दुकान आहे ना.

दुकानात रोज येणारा एकच माणूस उरला होता, शेजारचा घड्याळवाला. दोघं बरोबरीचे, लहानपणापासूनचे. सकाळी आपलं दुकान उघडण्याआधी तो फवाऱ्याकडे दाढीला बसायचा. त्याच्या डोक्यावर मधे चकचकीत टक्कल आणि मागे कानापासून कानापर्यंत केसांची झालर. फवारा म्हणायचा, "पडदा गेला, झालर राहिली." हल्ली घड्याळवाल्याचा घसा बसला होता. एवढ्या उकाड्यातही तो कानापर्यंत मफलर गुंडाळून यायचा आणि दाढी करतानाही मागून सैल करू द्यायचा नाही. "वारा लागतो रे," म्हणायचा. फवाऱ्यानं त्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या होत्या आणि केल्यास का म्हणून रोज विचारायचा.

अशाच एका सकाळी, गालावर फेस असताना, घड्याळवाला म्हणाला, "फुटबॉलचा शेवटचा सामना फोनवर बघायचा तर आधी पैसे भरायला लागणार आहेत म्हणे. सगळे चिडलेत."

"मग?"

"मग काय. सरकारी चॅनेलवर हवेतून फुकट दाखवणार आहेत. पण अँटेना आता कुणाकडे आहे? केबलवाल्यानं सुद्धा गाशा गुंडाळला."

फवाऱ्याचा हात थांबला. दुकानातल्या कोपऱ्यात, फळीवर, त्याचा टीव्ही होता. केबल गेल्यापासून मुका. एके काळी सामना असला की याच दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. माणसं यायची सामन्याला, आणि आलोच आहोत तर म्हणून खुर्चीवर बसायची. आलोच आहोत तर. सगळा धंदाच त्या तीन शब्दांवर चालायचा.

त्या दिवशी जेवताना त्यानं बायकोला सांगितलं, "सामना दुकानात लावतो. माणसं येतील. त्या दिवशी एक, फक्त एक जरी डोकं माझ्या कात्रीखाली आलं, तर दुकान चालू ठेवतो. नाही आलं तर चावी तुझ्या हातात देतो, आणि मग तू म्हणशील तेव्हा मुलीकडे."

"घड्याळवाल्याची दाढी धरायची नाही हं त्यात."

"नाही धरायची. ती काय दुकानदारी आहे? ती सवय आहे."

बायको जेवता जेवता थांबली. खरं म्हणजे तिला खोली हवी होती, मुलगी हवी होती. तरी ती म्हणाली, "घाला लावून. बुडत्याला काडी तर काडी."

विजेच्या सामानाच्या दुकानातून त्यानं अँटेना आणला. त्याला वाटलं होतं काड्याकाड्यांचं काहीतरी असेल, पूर्वी छपरावर असायचं तसं, कावळे बसायचे ते. निघाला तो शाळेच्या पाटीएवढा काळा पातळ पत्रा, त्याला शेपटीसारखी एक तार. "हा छपरावर नाही, आतच लावायचा," दुकानदार म्हणाला. "उंच लावा, टीव्हीच्या मनोऱ्याच्या बाजूला लावा." मनोरा पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर. म्हणजे दुकानात आरशाची बाजू.

आरशाच्या वर छतापर्यंत चार बोटं जागा होती. तिथं पाटी आडवी मावेना, म्हणून त्यानं ती आरशावरच चिकटवली. तार टीव्हीला पिळून बसवली. बायकोला रिमोट दिला आणि स्वतः स्टुलावर चढला.

"आलं का?"

"सिग्नल नाही म्हणतोय."

त्यानं पाटी थोडी डावीकडे सरकवली. "आता?"

"नाही."

"आता?"

"लग्न झालं तेव्हापासून हेच ऐकतेय मी," बायको म्हणाली. "तुम्ही छपरावर आणि मी खिडकीत. आलं का, आलं का. तेव्हा निदान मुंग्या तरी यायच्या."

ते खरं होतं. पूर्वी पडद्यावर मुंग्या यायच्या. मुंग्या दाट झाल्या की कळायचं चुकतंय, विरळ झाल्या की कळायचं जमतंय. मुंग्यांतून आधी एक सावली दिसायची, मग एक डोकं, मग बातम्या देणारी बाई. हात त्या मुंग्यांच्या मागोमाग सरकायचा. या टीव्हीत मुंग्याच नाहीत. निळा पडदा, त्यावर दोन शब्द. जवळ आलोय की लांब गेलोय, काही म्हणजे काही कळायला मार्ग नाही. तरी तो जुन्या सवयीनं पाटी फिरवतच राहिला, भांग पाडताना कंगवा सरकवावा तशी, केसभर इकडे, केसभर तिकडे. दिवसभर तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. हात भरून आले. गिऱ्हाईक नव्हतंच, त्यामुळे खोटी कशाची झाली नाही.

शेवटी बायकोनंच जाऊन विजेच्या दुकानदाराला बोलावून आणलं. तो दारातूनच बघून हसला.

"काका, फिरवताय काय असं? याला फिरवून चालत नाही. एका जागी लावायचा, रिमोटवरून चॅनेल शोधायला सांगायचं आणि हात बांधून बसायचं. तो सावकाश शोधतो. तुम्ही मधेच हलवलंत की त्याचं सगळं पहिल्यापासून."

त्यानं बटणं दाबली. पडद्यावर एक पांढरी पट्टी सरकायला लागली, मुंगीच्या पावलानं. तिघं हात बांधून उभे राहिले. पट्टी टोकाला पोचली. खाली अक्षरं आली. सापडलेले चॅनेल, शून्य.

दुकानदारानं पाटीच्या मागे बोट घातलं, आरशावर टिचकी मारली. "हा आरसा केवढा आहे?"

"भिंतीएवढा."

"मग कुठून येणार? आरशाच्या पाठीला धातूचा थर असतो. हवेतलं सगळं याच्या पाठीवर आपटून परत जात असणार. आणि समोरून घ्यावं तर तिकडे त्या काचेच्या दुकानाचा पत्रा. आरसा काढा, येईल."

"आरसा काढू?" फवारा म्हणाला. "न्हाव्याच्या दुकानातला?"

"सामना झाला की परत लावा."

तो गेला. फवारा बाकावर बसून राहिला. समोर आरशात एक म्हातारा स्टुलाशेजारी बसलेला दिसत होता, डोक्यावर काळी पाटी टांगलेला.

सामन्याच्या आदल्या दिवशी त्यानं आरसा उतरवला. एक बाजू त्यानं धरली, दुसरी घड्याळवाल्यानं. पट्ट्या उपटताना भिंतीचा गिलावा खाली आला. घड्याळवाला घामानं निथळत होता, तरी मफलर होताच.

"काढ ना तो, मरशील," फवारा म्हणाला.

"असू दे."

"गुळण्या करतोस का?"

घड्याळवाल्यानं पकड बदलली. आरसा जड आहे, आधी खाली ठेवू, म्हणाला.

आरसा मागच्या खोलीत गेला, तोंड भिंतीकडे करून, वर केस कापायची चादर टाकून. भिंतीवर वडिलांच्या वेळचा पोपटी रंग निघाला, कालच लावल्यासारखा. फवाऱ्यानं त्यावर पाटी चिकटवली, चॅनेल शोधायला सांगितलं आणि हात पाठीमागे बांधले. पांढरी पट्टी सरकली. टोकाला पोचायच्या आतच टीव्ही बोलायला लागला. एक बाई हवामान सांगत होती, इतकी स्वच्छ की तिच्या भुवईचा केस न् केस मोजावा.

"हिच्यासाठी उतरवलात सासऱ्यांचा आरसा," बायको म्हणाली. पण तीही बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकान भरलं. फवाऱ्यानं दारावर खडूनं एवढंच लिहिलं होतं, आत सामना आहे, या. माणसं आली. निवृत्त मास्तर आले, दूधवाला आला, पोस्टमन आला, कोपऱ्यावरचा चांभार आला. म्हणजे सगळे तेच, ज्यांचे केस वाढत नव्हते. खुर्च्या टीव्हीकडे वळवल्या, बाक भरला, मागे उभी माणसं दारापर्यंत. घड्याळवाला मानाच्या दुसऱ्या खुर्चीत. बायकोनं चहा फिरवला. फवाऱ्यानं धुतलेली चादर खांद्यावर टाकली होती, कंगवा वरच्या खिशात आणि बाटली हातात. त्याचा चेहरा असा उजळला होता की बायकोला त्याच्याकडे बघवेना.

"फवारा, तू तर राजा झालास आज," पोस्टमन म्हणाला.

"बसा बसा. आलोच आहोत तर म्हणून कुणाला केस कापायचे असतील तर सांगा."

"आरसा कुठे गेला रे तुझा?"

"टीव्हीसाठी काढला."

"न्हाव्यानं आरसा काढला," मास्तर म्हणाले. "उद्या मी फळा विकतो." सगळे हसले. फवाराही हसला.

सामना सुरू झाला. तो सगळ्यांच्या मागे उभा होता. उभं राहायची त्याची जागाच ती, माणसांच्या पाठीमागे. आणि पाठीमागून न्हाव्याला काय दिसणार? मान दिसते. चेहरा विसरेल, पण मान नाही. मास्तरांच्या मानेवर तीळ होता, दूधवाल्याचा भोवरा डावीकडे, चांभाराच्या मानेवर लहानपणी भाजल्याचा डाग, तो चुकवून कापायला लागायचं.

मास्तरांच्या तिळाच्या वर एक रेघ होती. सरळ. पट्टी ठेवून आखलेली.

त्यानं दूधवाल्याकडे बघितलं. चौकोनी. खालची कातडी अजून पांढरी, म्हणजे दोन-चार दिवसांतली. पोस्टमन, चौकोनी. चांभाराच्या डागावरून मशीन तसंच फिरवलं होतं, डाग लाल झाला होता. तो एकेक मान बघत गेला. त्याच्या दुकानात, त्याच्या बापाच्या खुर्च्यांवर, समोरच्या दुकानाचं काम ओळीनं मांडून ठेवलं होतं, आणि सगळं ताजं.

त्यानं हातातली बाटली खाली ठेवली.

तेवढ्यात गोल झाला. सगळं दुकान एकदम उठलं, ओरडलं, एकमेकांच्या पाठीवर थापा पडल्या. घड्याळवाला खुर्चीतून उडाला तसा मफलर खांद्यावरून घसरला. उडता उडताच त्यानं तो धरला, झटकन परत गुंडाळला, आणि मग हळूच मागे वळून बघितलं. फवारा बघतच होता. झालर खालून सरळ कापलेली होती, फडक्याची कड कापावी तशी.

बोलायला वेळच नव्हता, कारण माणसं उठली तसं चित्र अडखळलं. पडद्यावरच्या खेळाडूंचे चौकोन चौकोन झाले, आवाज गिळला गेला आणि पडदा निळा पडला.

"अरे अरे अरे."

"फवारा, बघ ना काय झालं ते."

"हलवू नका, नुसतं धरा त्याला," मागून विजेचा दुकानदार ओरडला. तोही आला होता. त्याचीही मान चौकोनी असणार.

फवारा माणसांतून वाट काढत पुढे गेला आणि त्यानं पाटीला खालून हात लावला. चित्र आलं. हात काढला, गेलं. पुन्हा लावला, आलं.

"हां, अस्सं. असंच धरून उभा राहा, हलू नकोस."

तो उभा राहिला. आरसा होता त्या जागी, पोपटी भिंतीला पाठ लावून, हात डोक्यावर. टीव्ही त्याच्या शेजारी फळीवर, त्याला तो दिसत नव्हता. त्याला दिसत होतं दुकान. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, बाक भरलेला, सगळे चेहरे त्याच्या बाजूला वळलेले. असं दुकान बघायला तो किती वर्षं दारात डोळे लावून बसला होता. आणि एवढ्या डोळ्यांतला एकही त्याच्याकडे बघत नव्हता. घड्याळवाला तेवढा टीव्हीकडेही बघत नव्हता, तो आपल्या मांडीवरच्या हातांकडे बघत होता.

उरलेला सामना त्यानं माणसांच्या तोंडावर बघितला. दुसरा गोल झाला तो दूधवाल्याच्या तोंडावर. हरले ते मास्तरांच्या तोंडावर. हाताला मुंग्या आल्या. टीव्हीत नव्हत्या त्या इथं आल्या.

सामना संपला तशी माणसं उठली. "मजा आली फवारा." "बरं केलंस." "पुढच्या वेळी त्याला खिळा मार." दूधवाल्यानं कप गोळा करून द्यायलाही मदत केली. माणसं वाईट नव्हती. कुणी समोरच्या दुकानाचं नाव काढलं नाही, कुणी केसांचंही काढलं नाही. पाच-दहा मिनिटांत दुकान ओकंबोकं.

घड्याळवाला तेवढा खुर्चीत बसून होता.

"सुनेनं नेलं रे," तो म्हणाला. "घरात कसलंसं कार्य होतं, सगळ्यांचे फोटो काढायचे होते. मी म्हटलं, मी आपला फवाऱ्याकडे. ती म्हणाली, बाबा, एकदा तर बसा. तिथं गार होतं. माझा डोळा लागला. उठवलं तेव्हा झालेलं होतं."

"बरं."

"तुला सांगायचं कसं? मफलर बांधला. म्हटलं, वाढले की काढीन."

"या वयात वाढत नाहीत," फवारा म्हणाला.

बायको दाराशी कप विसळत होती. तिनं वर बघितलं नाही. "लोक केसानं गळा कापतात म्हणतात," ती पुटपुटली, "इथं तर गळ्याला मफलर बांधून."

घड्याळवाल्यानं मफलर सोडला, घडी करून मांडीवर ठेवला आणि खुर्ची वळवून घेतली, भिंतीकडे तोंड करून. "कर," तो म्हणाला. "कर काय करायचं ते."

फवाऱ्यानं त्याच्या अंगावर चादर टाकली. बाटली उचलली, फुस्‌फुस् केलं, टकलावर, झालरीवर, कानांवर. घड्याळवाल्यानं डोळे मिटले. मग वस्तरा पट्ट्यावर दोनदा ओढला आणि ती सरळ रेघ मोडायला सुरुवात केली. केस फार नव्हतेच उरलेले, समोरच्यानं वर चढवूनच कापले होते. तरी त्यानं आहेत त्यांतून गोल कड काढली. डाव्या कानामागून हलक्या हातानं खाली, तळाला वळण, मग उजवीकडे वर. हात अवघडला होता, पाटी धरून धरून. तो थांबला, मनगट झटकलं आणि पुन्हा लागला. घाई केली नाही.

झाल्यावर त्यानं तुरटी फिरवली, ब्रशनं मान झटकली, खुंटीवरचा छोटा आरसा काढला आणि घड्याळवाल्याच्या मागे धरला. सवयीनंच. कुणी न शिकवता हाताला आलेला तोच कोन, थोडा तिरका, थोडा खाली.

समोर पोपटी भिंत होती. भिंतीवर काळी पाटी, तिची तार खाली लोंबत होती.

घड्याळवाल्यानं भिंतीकडे बघितलं. डावीकडे मान वळवली, मग उजवीकडे, बघतोय अशी. "छान झालंय," तो म्हणाला.

फवाऱ्यानं आरसा तसाच धरून ठेवला, अजून थोडा वेळ. मग खुंटीला लावला आणि चादर झटकली.

घड्याळवाला गेला. बायकोनं फडक्याला हात पुसले. जमिनीवर पांढऱ्या केसांचा एक छोटा पुंजका पडला होता, चिमटीत मावेल एवढा. ती त्याच्याकडे बघत होती.

"बसलं की एक डोकं," ती म्हणाली. "कात्रीखाली नाही तर वस्तऱ्याखाली. चालेल. मी धरते."

"ते नको धरूस."

"मी म्हणतेय ना, धरते."

"अगं, त्याला लाज वाटली म्हणून बसला तो." त्यानं झाडू घेतला, तो पुंजका सुपलीत ओढला आणि खिशातून चावी काढून तिच्या ओल्या हातावर ठेवली. "मुलीला विचार, तिच्या खोलीत भिंत केवढी आहे. आरसा मावेल का ते."

बायकोला माहीत होतं, जिन्याखालच्या खोलीत भिंत तिरपी होती. तो आरसा तिथं कसाही लावला तरी मावला नसता. "विचारते," ती म्हणाली आणि टीव्ही बंद करायला रिमोट शोधू लागली.